उलटलेले दुखणे

‘दुखणे उलटणे’ हा वाक्प्रचार नव्या पिढीच्या बोलण्यातून जवळजवळ नाहीसा झाला आहे. माझ्या लहानपणी वसईच्या गावांतून मुदतीचा ताप नेहमीचाच होता. तीनेक आठवड्यांनी तो उतरे, रोगी पेजेवरून मऊ भातावर येई, अंगणात उन्हाला बसू लागे. आणि मग एखाद्या संध्याकाळी त्याचे अंग पुन्हा तापे. ‘ताप उलटला,’ असे म्हणताना घरातल्या वडीलधाऱ्या बायका आवाज खाली आणीत. पहिल्या तापाच्या वेळी घरात धावपळ असे. उलटलेल्या तापाच्या वेळी घर गप्प होई. धावपळ करून जे करायचे, ते सारे एकदा करून झालेले असे.

कर्करोग असा परतला की डॉक्टर त्याला ‘रिकरन्स’ म्हणतात. माझ्या थोरल्या बहिणीने मात्र २०२३ च्या जून महिन्यात ही बातमी मला दूरध्वनीवरून सांगताना आमच्या आजीचा शब्द वापरला. ‘दुखणं उलटलं रे,’ ती म्हणाली, आणि क्षणभर थांबून तिने ‘फादर’ असे जोडले. माझी गुरुदीक्षा झाल्यापासून घरात सगळेच मला फादर म्हणतात. आई हयात होती तोवर तीसुद्धा म्हणत असे. ताईच्या तोंडी मात्र ‘रे’ आणि ‘फादर’ हे दोन्ही शब्द नांदतात. त्यांतला कोणता येतो, यावरून तिला भावाशी बोलायचे आहे की धर्मगुरूशी, हे मी ओळखतो. त्या दिवशी तिला दोघेही हवे होते.

हा मजकूर मी तिच्या अनुमतीने लिहीत आहे. ‘नाव घालू नकोस, बाकी सगळं घाल,’ अशी तिची अट. ‘आणि छातीतली गाठ, छातीतली गाठ असं लिहीत बसू नकोस. स्तनाचा कॅन्सर म्हण. आईने उभ्या जन्मात तो शब्द उच्चारला नाही. त्या लाजेपायीच आपल्या बायका गाठ पदराआड ठेवतात.’

२०११ साली, वयाच्या ४९ व्या वर्षी, ताईच्या हाताला डाव्या स्तनात वाटाण्याहून थोडी मोठी अशी गाठ लागली. परळच्या टाटा रुग्णालयात शस्त्रक्रिया झाली. पुढे दर तीन आठवड्यांनी एक अशा सहा किमो, मग २५ दिवसांचा शेक – रेडिएशनला रांगेतल्या बायका हाच शब्द वापरतात – आणि त्यानंतर पाच वर्षे रोज टॅमोक्सिफेनची एक गोळी. उपचार कठीण होते. परंतु प्रत्येकाला आकडा होता. स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयावर ताई पेन्सिलीने फुल्या मारीत असे. चार झाल्या, दोन राहिल्या. एकोणीस झाले, सहा राहिले. केस गेले, तोंडाची चव गेली, डावा हात वर उचलेना; पण फुल्या वाढत होत्या आणि त्यांच्याबरोबर ताईही पुढे सरकत होती.

गावही तिच्याबरोबर चालत होते. शेजारणी पाळीपाळीने कालवण आणून देत. संध्याकाळी जपमाळेला ओटी भरून जाई. आईने वांद्र्याच्या मोतमावलीला मेणाची बाहुली वाहिली. गोळ्यांची पाच वर्षे २०१७ साली पूर्ण झाली, तेव्हा कृतज्ञतेची मिस्सा झाली आणि ताईने वाचनपीठावर उभे राहून साक्ष दिली. ‘परमेश्वराने मला बरे केले’ हे तिचे वाक्य होते. नंतर मांडवात जेवण होते. भावोजींनी हात राखला नव्हता.

‘पाच वर्षे काढली की सुटलो’ ही समजूत आपल्याकडे फार घट्ट आहे. काही कर्करोगांच्या बाबतीत ती बरीचशी खरीही आहे. परंतु स्तनाच्या कर्करोगाचा जो प्रकार स्त्रीच्या शरीरातील संप्रेरकांवर पोसतो, आणि बहुसंख्य स्त्रियांत तोच आढळतो, त्याचे घड्याळ निराळे चालते. ऑक्सफर्ड येथील संशोधकांनी २०१७ साली सुमारे ६३ हजार स्त्रियांची माहिती एकत्र करून प्रसिद्ध केली. या सर्वजणींनी पाच वर्षे गोळ्या घेतल्या होत्या आणि पाचव्या वर्षाअखेर त्या रोगमुक्त होत्या. तरीही पाचव्यापासून विसाव्या वर्षापर्यंत रोग परतण्याचे प्रमाण जवळपास एकाच संथ गतीने चालू राहिले. मूळ गाठ मोठी असेल, काखेतल्या अधिक ग्रंथींत रोग पोहोचला असेल, तर ते जास्त; गाठ लहान असेल तर कमी; परंतु शून्य कोणत्याच गटात नाही. सर्वांत जोखमीच्या गटातही निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या दूरच्या अवयवांत रोग उद्भवला नाही, हेही त्याच आकड्यांत आहे, आणि भ्यालेल्या भगिनींनी तेही वाचावे. ताई मात्र उरलेल्यांपैकी निघाली. ज्या वर्षी आम्ही मांडव घातला, त्याच वर्षी ही माहिती जगापुढे आली. मांडवातल्या कुणाच्याच कानी ती नव्हती, आणि असती तरी जेवण झालेच असते, असे मला वाटते.

इतकी वर्षे रोग असतो तरी कुठे? स्टीफन पॅजेट नावाच्या इंग्रज शल्यविशारदाने १८८९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात एक निबंध लिहिला. स्तनाच्या कर्करोगाने मरण पावलेल्या ७३५ स्त्रियांच्या नोंदी त्याने तपासल्या होत्या. रोग शरीरात वाटेल तिथे जात नाही, काही अवयव त्याला अधिक मानवतात, असे त्याला दिसले. रोगाच्या पेशी म्हणजे बी आणि अवयव म्हणजे जमीन. बी चहूकडे उडते, पण रुजते ते अनुकूल भुईतच, असे त्याने मांडले. सव्वाशेहून अधिक वर्षांनंतरही संशोधक त्या विचाराकडे पुन्हा पुन्हा वळतात. अशा पेशी हाडांच्या मगजात वर्षानुवर्षे निजून राहू शकतात, हे आता ठाऊक झाले आहे. त्या कशाने जाग्या होतात, याचा शोध अजून चालू आहे.

पॅजेटची ही गोष्ट मी ताईला सांगितली, तेव्हा ती हसली. तिचा जन्म भाजीच्या वाडीत गेला आहे. ‘म्हणजे लव्हाळा,’ ती म्हणाली. वाडीतले तण काढणाऱ्या कुणालाही हे समजावून सांगावे लागणार नाही. लव्हाळा उपटला की वरची पाती हाती येते. जमिनीतली गाठ तशीच राहते. वाफा स्वच्छ दिसतो, तुम्ही त्यात मुळा घेता, वांगी घेता, आणि कधीतरी एका पावसाळ्यात ते हिरवे टोक पुन्हा वर येते. त्यावरून कुणी शेतकऱ्याला आळशी ठरवीत नाही.

ताईच्या बाबतीत ते टोक कंबरेत वर आले. २०२३ च्या जानेवारीत पाठीचा खालचा भाग दुखू लागला. केळीचा घड उचलला होता, असे निमित्त सापडले. चार महिने मलम झाले, शेक झाला (हा खरा शेक, गरम पाण्याच्या पिशवीचा), एका दवाखान्यात वेदनाशामक सुया झाल्या. पण कष्टाचे दुखणे रात्री आडवे झाल्यावर उतरते. हे रात्रीच वाढत होते. शेवटी मुलीने हट्टाने परळला नेले. हाडांचा स्कॅन झाला, मणक्यातला तुकडा काढून तपासला गेला. बारा वर्षांपूर्वीचीच पेशी होती.

त्या भेटीला मी बरोबर होतो. डॉक्टर तरुण होत्या, आमच्या भाचीच्या वयाच्या. त्यांनी खुर्ची ताईजवळ ओढली आणि स्पष्ट मराठीत सांगितले, ‘मावशी, हा आजार आता मुळापासून जाणार नाही. पण आपण त्याला ताब्यात ठेवू. पुष्कळ जणींना वर्षानुवर्षे ठेवता येतो.’ संप्रेरके रोखणारी रोजची एक गोळी. तिच्या जोडीला दुसरी गोळी, २१ दिवस घ्यायची आणि सात दिवस थांबायचे. हाडांच्या बळकटीसाठी शिरेतून औषध. मणक्याला थोडे दिवस शेक. ही दुसरी गोळी पूर्वी आमच्यासारख्या घराला झेपणारी नव्हती. तिचे पेटंट भारतात जानेवारी २०२३ मध्ये संपले, आपल्या देशातल्या कंपन्यांनी तीच गोळी पुष्कळ कमी दरात काढली, आणि जूनमध्ये ती ताईच्या हाती पडली. देवाच्या योजनेविषयी बोलताना मी एरवी सावध असतो. ती जरा आधी आजारी पडली असती तर काय, हा विचार मी पुढे नेत नाही.

ताईने एकच प्रश्न विचारला, ‘गोळ्या किती वर्षं घ्यायच्या?’ डॉक्टर म्हणाल्या, ‘लागू पडतील तोवर.’

जिना उतरताना ती मला म्हणाली, ‘मागच्या वेळी त्यांनी शेवट दिला होता रे.’ ती मरणाविषयी बोलत नव्हती. कालनिर्णयाविषयी बोलत होती. या वेळी फुल्या मारायला काहीच नव्हते. पहिल्या दुखण्यात माणूस उपचार संपण्याची वाट पाहतो. उलटलेल्या दुखण्यात उपचार संपणे हीच वाईट बातमी असते. ते चालू राहावेत अशी प्रार्थना करावी लागते. हा फरक शेजारपाजाऱ्यांच्या ध्यानात येत नाही. ‘अजून किती दिवस चालणार औषध?’ असे ते आस्थेने विचारतात.

शिवाय हे दुखणे दिसत नाही. तेव्हा डोक्याला रुमाल होता, चेहरा काळवंडला होता, लोक गाडीत जागा देत. आता केस जागेवर आहेत, अंगावर इस्त्रीचे पातळ आहे. लोकलमध्ये अपंगांसाठी जो डबा असतो, त्यात कर्करोगाच्या रुग्णांनाही बसता येते. त्या डब्यात ताईला एकदा कुणीतरी दरडावून उतरायला सांगितले. तिने पिशवीतून फाईल काढून मांडीवर ठेवली. बोलली काही नाही.

गावात मात्र तिला वेगळेच ऐकावे लागले. माणसे आली, पण पूर्वीसारखी नाहीत. ओटी भरली नाही. कुणी लक्ष्मणफळाची पाने आणून दिली आणि परळची औषधे बंद करण्याचा सल्ला दिला. कुणी, ‘तू मनाला फार लावून घेतेस, म्हणून,’ असे निदान केले. एका प्रार्थनासभेतल्या बाईंनी तर, ‘साक्ष दिल्यानंतर विश्वासात कुठे ढिलाई झाली का, ते तपासून पाहा,’ असे सांगितले. असे बोलणाऱ्यांच्या मनात दुष्टावा असतो, असे मला वाटत नाही. त्यांच्या मनात भीती असते. हिचे दुखणे हिच्याच काही उणिवेने उलटले, असे एकदा ठरले की बोलणारा आपल्यापुरता सुरक्षित होतो. ईयोबाचे मित्रही सात दिवस त्याच्याजवळ गप्प बसले होते, तोवर ठीक होते.

ताईने वाद घातला नाही. पण त्या पावसाळ्यात एका रविवारी मी गावी मिस्सेला गेलो, तेव्हा ती नेहमीच्या जागी, उजवीकडच्या तिसऱ्या बाकावर नव्हती. ती अगदी मागे, दाराजवळ, खांबाच्या आड बसली होती. संध्याकाळी ओटीवर आम्ही दोघेच होतो. तेव्हा तिने सांगितले, ‘मी तिथे उभी राहून सगळ्यांसमोर साक्ष दिली. आता मला देवाला खोटं पाडल्यासारखं वाटतं, फादर.’

या वेळी ‘रे’ नव्हते.

सेमिनरीत दुःखाच्या समस्येवर आम्हाला पुष्कळ शिकवले गेले. पोप जॉन पॉल दुसरे यांचे मानवी दुःखाविषयीचे पत्र १९८४ साली प्रसिद्ध झाले. ते मी विद्यार्थी असतानाच वाचले होते आणि त्याच्या आधारे प्रवचनेही केली आहेत. पण त्या ओटीवर मला आठवली ती संत अगाथा. मिस्सेच्या पहिल्या उपकारस्तुतीच्या प्रार्थनेत तिचे नाव मी वेदीवर उच्चारतो. सिसिलीमधील कतानिया येथील ही कुमारिका तिसऱ्या शतकात हुतात्मा झाली. तिचा सण ५ फेब्रुवारीला येतो, आणि स्तनाच्या विकारांनी पीडित स्त्रिया तिचा धावा करतात. छळ करणाऱ्यांनी तिचे स्तन कापले, एवढे पुष्कळांना ठाऊक असते. कथेचा पुढचा भाग फारसा सांगितला जात नाही. बंदिखान्यात रात्री संत पीटर तिच्याकडे आला आणि त्याने तिच्या जखमा बऱ्या केल्या. त्यानंतर तिला पुन्हा बाहेर काढले, निखाऱ्यांवरून लोळवले, आणि त्यात ती मेली. ही आख्यायिका आहे, इतिहास म्हणून मी ती सांगत नाही. पण इतक्या शतकांत ती ऐकणाऱ्या कुणालाही, अगाथा मेली म्हणजे पीटरने तिला बरे केलेच नव्हते, असे म्हणावेसे वाटले नाही.

ताई बराच वेळ काही बोलली नाही. मग बोटे मोडत, एखादा हिशेब करावा तशी मोजू लागली. दोन हजार चौदात मुलीचे लग्न. मग नातू. आईची शेवटची दोन वर्षे; अंथरुणातली आई हिने एकटीने उचलली होती. विहिरीला बांधलेला कठडा. ‘एवढं सगळं बरी असतानाच केलं ना मी,’ ती म्हणाली. मी हो म्हटले. एवढेच माझे प्रवचन.

त्यानंतर प्रश्न निघाला रुग्णाभ्यंगाचा. २०११ मध्ये शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी तिने तो संस्कार घेतला होता. ‘पुन्हा घेतला तर लोक म्हणतील, संपलं,’ ही तिची भीती. आपल्या जुन्या मंडळींच्या मनातून ‘अंत्याभ्यंग’ हा शब्द अजून गेलेला नाही. धर्मगुरू तेल घेऊन दाराशी आला की पाठोपाठ शवपेटी येणार! वास्तविक दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने १९६३ सालीच सांगितले की, हा संस्कार केवळ मरणाच्या दारी असलेल्यांसाठी नाही. त्याला रुग्णाभ्यंग म्हणणेच अधिक योग्य. पोप पॉल सहावे यांनी १९७२ मध्ये त्याचा विधी नव्याने ठरवून दिला. त्या विधीतल्या एका नियमाकडे मी ताईचे लक्ष वेधले. रोगी बरा होऊन पुन्हा आजारी पडला, किंवा त्याच आजारात त्याची प्रकृती अधिक खालावली, तर हा संस्कार पुन्हा देता येतो. नियमाची भाषा कोरडी आहे. परंतु दुखणे उलटते, हे धर्मसभेने त्यात गृहीत धरले आहे, आणि ‘पहिल्या तेलाचे काय केलेस?’ असा प्रश्न त्यात कुठेही विचारलेला नाही.

संस्कार देण्यासाठी मी ताईच्या धर्मग्रामाच्या धर्मगुरूंना विनंती केली. मला त्या दिवशी कुटुंबात उभे राहायचे होते. त्यांनी तिच्या कपाळाला आणि दोन्ही तळहातांना तेल लावले. मी भावोजींच्या बाजूला उभा राहून इतरांसारखी उत्तरे दिली. तेलाचे हात तसेच ठेवून ती चहा टाकायला उठली, तेव्हा शेजारच्या म्हाताऱ्या बाईंना म्हणाली, ‘शेवटचा नाही हं, दुसरा.’

परळच्या फेऱ्या आता आमच्या अंगवळणी पडल्या आहेत. वसईहून पहाटेची गाडी, दादरला उतरायचे, आधी रक्ततपासणी. पांढऱ्या पेशी फार उतरल्या असतील तर गोळ्या आठवडाभर पुढे ढकलायच्या. बाकांवर बसलेल्या बायका एकमेकींना फाईलच्या जाडीवरून ओळखतात. बारीक फाईलवाल्या नव्या असतात, घाबऱ्याघुबऱ्या, सगळे प्रश्न विचारणाऱ्या. जाड फाईलवाल्या कमी बोलतात. एकदा तिशीतली एक मुलगी ताईशेजारी येऊन बसली. जळगावकडची होती, नवरा खालच्या रांगेत उभा होता. तिने विचारले, ‘मावशी, तुम्हाला किती वर्षं झाली?’ ताई म्हणाली, ‘बारा.’ मुलीचा चेहरा उजळला. ‘बारा वर्षं! आणि तुम्ही अशा चालता-फिरता?’ ‘हो, चालते-फिरते की,’ ताई म्हणाली आणि तिने जाड फाईल हळूच पदराखाली सारली.

नीतिशास्त्राच्या तासाला आमच्या प्राध्यापकांनी सत्य राखून ठेवणे आणि असत्य बोलणे यांतला भेद दोन आठवडे शिकवला होता. ताईने तो दोन वाक्यांत उरकला.

२०२४ च्या सप्टेंबरात आम्ही मोतमावलीच्या जत्रेला गेलो. मेणाच्या हातापायांच्या, घरांच्या, बाहुल्यांच्या दुकानांपुढून ती सरळ गेली; एक साधी मेणबत्ती घेतली. दर्शन झाल्यावर म्हणाली, ‘इथेच जवळ ते घर आहे ना? मला बघायचंय.’ ती शांती आवेदना सदनाविषयी बोलत होती. बरे न होणाऱ्या कर्करोगाच्या रुग्णांसाठी १९८६ मध्ये सुरू झालेले, आपल्या देशातले अशा प्रकारचे ते पहिले घर. होली क्रॉसच्या भगिनी तिथे शुश्रूषा करतात आणि कुणाकडूनही पैसे घेत नाहीत. भावोजी मागे राहिले. त्यांना ते पाहवणारे नव्हते. आम्ही दोघे गेलो. एका भगिनींनी ताईला थोडे आत नेले, वेदनेवर कोणती औषधे देतात ते सांगितले, घरच्यांना भेटायला येता येते हे सांगितले. ताईने विचारले, ‘आणि जेवणाला मासळी असते का?’ भगिनी हसल्या.

बाहेर येऊन तिने नातवासाठी जत्रेतून खाजे घेतले. भाव करून घेतले. भावोजी रस्त्याच्या कडेला उभे होते. ‘बघितलं. अजून घाई नाही,’ असे तिने त्यांना सांगितले आणि पिशवी त्यांच्या हातात दिली.

हे लिहीत असताना दोन्ही गोळ्या लागू पडत आहेत. दर तीन महिन्यांनी स्कॅन असतो. त्याच्या आधीचे आठ दिवस घरात कुणी नीट जेवत नाही, निकाल आला की सगळे एकदम बोलू लागतात. कालनिर्णयावर पेन्सिलीच्या खुणा पुन्हा दिसू लागल्या आहेत: २१ दिवस फुल्या, सात दिवस मोकळे. मोकळ्या आठवड्यात ताईच्या तोंडाला चव येते. तेव्हा ती मला फोन करते आणि म्हणते, ‘ये रे जेवायला. बोंबील आलेत.’